आईच्या पाटाचा निकाल

निकालाची नक्कल माझ्याजवळ आहे. मोडीत लिहिलेली तीन पानं, घड्यांवर फाटलेली. पन्नास वर्षांच्या वर झाली तिला. मुलं म्हणतात, टाकून दे, आता त्या कागदाचं काय करतेस? काही करत नाही. ठेवते.

मी चार इयत्ता शिकले. कायदा मला येत नाही. पण ही तीन पानं मी इतक्या वेळा वाचली आहेत की एखाद्या वकिलानंही कोणता निकाल इतक्यांदा वाचला नसेल. जाणते लोक सांगतात, निकालात शेवटचा हुकूम तेवढा पाहायचा. हुकूम मला पाहावा लागत नाही, तो मी भोगला आहे. मी कारणं वाचते.

कोर्टापुढे प्रश्न एकच होता. माझी आई माझ्या बापाची बायको होती की नव्हती. बायको असेल तर बाप मेल्यावर नदीकाठचं वावर आणि घर तिचं. नसेल तर बापाच्या चुलत भावाचं.

आईचं पहिलं लग्न लहानपणी झालं आणि सोळा वर्षांची व्हायच्या आत तिचा नवरा गेला. पुढे दोन वर्षांनी माझ्या बापानं तिच्याशी पाट लावला. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. आम्हा शेतकऱ्यांत तो पूर्वीपासून चालत आलेला, त्यात चोरी नाही. पण पहिल्या लग्नासारखा तो वाजतगाजत, मांडवात होत नाही. वद्य पक्षात, दिवस मावळल्यावर, घराच्या मागल्या खोलीत होतो. आमच्या चार गावांच्या गोतात आणखी एक रीत होती. जमलेली माणसं तोंड भिंतीकडे करून बसत. पदराची गाठ एखादी म्हातारी विधवा बांधायची आणि तिनं एकटीनंच ती पाहायची. बाकी कोणी पाहू नये. सवाशिणीनं तर मुळीच नाही. तिनं पाहिलं तर तिच्या कुंकवावर येतं म्हणत.

आईचा पाट माझ्या मावशीच्या घरी लागला. मावशी आईची धाकटी बहीण, तिचा नवरा धडधाकट. ती स्वयंपाकाकडेच थांबली होती, पण ऐन वेळी नारळ चुलीपाशी राहिला. आतून म्हातारीनं हाक मारली. मावशी नारळ घेऊन दारापर्यंत उलट्या पावली चालत आली आणि मागे न पाहता खांद्यावरून तो आत दिला. तो भिंतीकडे तोंड करून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्या डोक्याला लागला. आमच्या घरात ही गोष्ट कितीदा तरी हसून सांगितलेली मला आठवते. बाप म्हणायचा, "माह्या पाटात पयला नारळ डोक्यावर फुटला." आई म्हणायची, "तुमच्या डोक्यावर पाह्यजे होता."

नऊ वर्षं दोघं एकत्र राहिली. मी झाले. बापाचा चुलत भाऊ शेजारच्या गल्लीत राहायचा. मी त्याला काकाजी म्हणायची. तो आईला वहिनी म्हणायचा आणि पोळ्याला आमच्याकडे पुरणाची पोळी खायचा. वाटणी आजोबांच्याच वेळी होऊन गेली होती, भांडण असं काही नव्हतं.

मग कापूस महागला. अमेरिकेत लढाई लागल्यामुळे महागला हे मागून कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की खामगावच्या वाटेवर गाड्यांची रांग तुटत नाही आणि वाटेकडेची झाडं कापसाच्या पुंजक्यांनी पांढरी झाली आहेत. ज्वारीची वावरं लोकांनी कापसाखाली आणली. नदीकाठच्या आमच्या वावराकडे आधी कोणी मान वळवून पाहत नसे, आता जाणारे-येणारे थांबून माती हातात घेऊन पाहायचे. काकाजीही पाहायचा. "वहिनी, लोनी हाये हे, लोनी," म्हणायचा. आई म्हणायची, "खाऊन पाहा मंग."

दुसऱ्या की तिसऱ्या हंगामात बाप गाड्यांबरोबर खामगावला गेला आणि पटकी घेऊन आला. दीड दिवस टिकला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्या साली वाटेवरच्या प्रत्येक गावात माणसं तशीच गेली. काकाजीनं तेरा दिवस सगळं केलं. लाकडं आणली, पिंड दिला, आईला समजावलं. चौदाव्या दिवशी त्याचे बैल आमच्या वावरात होते.

आई बांधावर गेली. मी तिच्यामागे.

"भाऊजी, हे काय करून राह्यले?"

"नांगरून राह्यलो."

"वावर कोनाचं?"

"भावाचं होतं. भाऊ गेला. आता माह्यं."

"अन् मी?"

त्यानं बैल थांबवले. नांगरावरची माती पायानं काढली. "तुमी कोन, हे मले नका इचारू बाई. मी काई तुमच्या लग्नाले आलो नोतो."

बाई म्हणाला. वहिनी म्हणणं त्यानं त्या दिवशी सोडलं ते सोडलंच.

पाटलानं हात वर केले. म्हणाला, अकोल्याला फिर्याद कर. कोणी तरी आईला एक मुखत्यार गाठून दिला. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं कचेरीत उभा राहून बोलणारा. हा पागोटंवाला, तोंडात सदा विडा, अर्धं बोलणं हिंदुस्थानीत. कचेरीसमोरच्या निंबाखाली त्यानं आईला विचारलं, साक्षीदार किती? आईनं सांगितलं, तिघं. पाटाला बसलेले दोन म्हातारे आणि मावशी. गाठ बांधणारी म्हातारी केव्हाच मेली होती.

"यांच्यातल्या कोणी गाठ बांधताना पाहिलं?"

"कोनी नाही."

"बाई, इथं आँखों देखा लागतं. तिघांनाही सांगून ठेवा, पाहिलं म्हणायचं. मी घोकून घेतो त्यांच्याकडून."

"पाह्यलं नाही तं पाह्यलं कसं मनतीन? पाटात कोनी पाहात असते का?"

"तुमचा दीर पाच माणसं आणून राहिला. पाचही जण शपथेवर सांगतील की पाट लागलाच नाही."

"जे लागलंच नाही ते पाच जनाईनं कुठून पाह्यलं?"

मुखत्यार हसला, पिंक टाकली आणि म्हणाला, "वा. मग तुम्हीच उभ्या राहा आत. मी बसतो निंबाखाली."

आईची जबानी पहिली झाली. मग तिला बाहेर बसवलं. तिची माणसं एकेक करून आत जात होती, आत काय चाललं ते आम्हांला ऐकू येत नव्हतं. निकाल देणारा साहेब मी एकदाच पाहिला. खिडकीतून त्याला आम्ही उन्हात बसलेल्या दिसलो असू. त्यानं चपराशी पाठवून आम्हांला पडवीत घ्यायला लावलं आणि पाणी द्यायला सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्यावर खापर फोडून मी मोकळी झाले असते.

दोन्ही म्हातारे बाहेर येऊन आमच्याजवळ बसले. एकजण म्हणाला, "तो मले इचारते, पाह्यलं का? मी मनतलं, तोंड भिंतीकडं होतं साहेब. तो मनते, काहून? मी मनतलं, तशीच रीत हाये. तो लिवून राह्यला, अन् हासून राह्यला."

मावशी शेवटी गेली. बाहेर आली ती आमच्याकडे आलीच नाही. पदर ओढून सरळ आपल्या नवऱ्याच्या गाडीकडे गेली आणि गाडी निघून गेली. आई उठून उभी राहिली होती, ती तशीच उभी राहिली.

मुखत्यार आला. "तुमच्या सख्ख्या बहिणीनंच घात केला बाई. काही पाहिलं नाही म्हणाली. दिरानं काही तरी चारलं असेल तिला."

आईनं माझा हात धरला आणि बैलगाडीकडे चालू लागली.

महिन्याभरानं निकाल लागला. आई हरली. नक्कल हातात दिली गेली, ती आईनं लुगड्याच्या धडप्यात बांधली. वाचायला कोणी नव्हतं आणि मुखत्यारानं काय ते तोंडीच सांगितलं होतं. घर सोडायच्या दिवशी काकाजीची बायको ओट्यावर उभी होती. ही बाई आईबरोबर नदीवर धुणं धुवायला जायची. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "नवराच नोता तं बांगड्या कोनाच्या नावानं फोडल्या व?"

आई गाठोडं उचलत म्हणाली, "तुह्या दिराले इचारजो, वर गेल्यावर."

तेवढंच काय ते उत्तर तिच्याजवळ होतं. कोर्टात ते चाललं नसतं.

पुढच्या हंगामात तिकडची लढाई संपली आणि कापूस कोसळला. काकाजीनं आमच्या वावरात पुन्हा ज्वारी पेरली असं ऐकलं. ऐकून आम्हांला आनंद झाला नाही. ज्वारी आम्हांलाही चालली असती.

आम्ही अमरावतीला आलो. गावाबाहेर माळ्यांच्या बागा होत्या. एका घरानं आईला निंदणखुरपणाला आणि सकाळी डोक्यावर भाजी घेऊन विकायला ठेवलं. राहायला विहिरीजवळची झोपडी. मुलींची शाळा नुकतीच निघाली होती, पण मुली मिळत नव्हत्या. मास्तर दारोदार फिरून पोरी मागायचे. आईनं मला आपणहून नेऊन बसवलं. माळीण म्हणाली, "पोरीले काय तहसीलदार करतं का?" आई म्हणाली, "घरात एक कागद हाये. वाचाले कोनी पाह्यजे."

म्हणजे माझं शिक्षण त्या कागदासाठी. बाळबोध लवकर आलं, मोडीला वेळ लागला. चौथी सरता सरता एका दुपारी वांग्यांच्या वाफ्याशी बसून मी तो तिला वाचून दाखवला. अडखळत, बोट ठेवून. "सबब", "शाबीत" असे शब्द मास्तरांना विचारून ठेवले होते.

त्यात लिहिलं होतं ते असं. दोघे साक्षीदार हजर होते म्हणतात, पण तोंड भिंतीकडे होते असेही म्हणतात. लग्नास बसलेला मनुष्य लग्नाकडे पाहत नाही हे चमत्कारिक दिसते. उलटतपासणी चुकवण्याकरिता ही रीत रचली असावी. वादी मयताजवळ नऊ वर्षे राहत होती हे खरे, परंतु राहणे वेगळे आणि विवाह वेगळा. वादीस एक मुलगी आहे, परंतु मुलगी असणे हा विवाहाचा पुरावा नव्हे.

ती मुलगी मी. निकालात माझं नाव नाही, पण ते वाक्य माझं आहे.

मग मावशीचं आलं. वादीची सख्खी बहीण, जिच्या घरी पाट लागला असे म्हणतात, तिने शपथेवर सांगितले की आपण काही पाहिले नाही. बहिणीविरुद्ध खोटे बोलण्याचे तिला काही कारण दिसत नाही. प्रतिवादीकडून तिला काही मिळाले असा पुरावा नाही. सर्व साक्षींत हीच साक्ष आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते. सबब वादीचा पाट मयताशी लागला हे शाबीत झाले नाही.

आईचं खुरपं थांबलं होतं. "पुन्हा वाच ते. बहिनीचं."

मी वाचलं.

"तिनं काई खाल्लं असं लिवलं हाये का?"

"नाही. काई मिळालं असा पुरावा नाही, असं लिवलं हाये."

"तिले खोटी मनतलं?"

"नाही माय. समद्यात खरी तीच, असं लिवलं हाये."

आईनं खुरपं बाजूला ठेवलं. मधल्या वर्षांत मावशीचा नवरा वारला होता. निरोप आला होता. आई गेली नव्हती. "पैसे खाल्लेल्या घरी पानी घ्याले मी जात नाही," असं तिनं निरोप आणणाऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. बहिणीच्या दुःखात बहीण गेली नाही, हे आमच्याकडे फार मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भाजीची टोपली उचलली नाही. कागद आणि मला घेऊन चांदूर बाजारच्या वाटेला लागली. मावशीचं गाव त्या बाजूला.

मावशी ओसरीत तुरी पाखडत होती. पांढऱ्या कपाळाची मावशी मी पहिल्यांदाच पाहिली. आई उभ्या उभ्याच म्हणाली, "मले मुखत्यारानं सांगतलं, तू पैसे खाल्ले मनून. कागदात तसं नाही. चुकलं माह्यं."

मावशीनं सूप खाली ठेवलं. "काय हाये कागदात?"

मी वाचून दाखवलं. "अधिक विश्वसनीय" याचा अर्थ तिनं विचारला. मी सांगितला. ती हसली. असं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही आणि ऐकायचंही नाही.

"मी पाह्यलं होतं बाई," ती म्हणाली.

आई बसली.

"नारळ देताना मान वळली. मी वळवली नाही, वळली. म्हातारी गाठ बांधून राह्यली होती. तुह्या पदराले पिवळी हयद लागली होती, इथं, कोपऱ्यावर. समदं दिसलं मले."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगू? माह्ये मालक बाहेर गाडीपाशी उभे. साहेब मोठ्यानं इचारते, डोळ्यानं पाह्यलं का? पाह्यलं मनू? सवाशीन असून? त्याईच्या जिवावर उठू? अन् तुह्या मालकाले पटकी झाली तवापासून माह्या पोटात तेच होतं. मी पाह्यलं मनून आधी ते गेले, आता पाळी माह्या कुंकवाची, असं."

एक कोंबडी सुपाकडे आली, मावशीनं तिला हातानं हाकललं. हात मोकळा होता, बांगडी वाजली नाही.

"नाही मनतलं तरी माह्ये मालक गेलेच," मावशी म्हणाली. "आता ने मले साहेबाकडं. आता मले कोनाचं भेव. सांगीन, पाह्यलं मनून."

आठ दिवसांनी तिघी अकोल्याला गेलो. तोच मुखत्यार, तोच निंब, विडाही बहुधा तोच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच आमच्याशी सरळ बोलला. अपिलाची मुदत केव्हाच संपली. आणि हिनं आता पाहिलं म्हटलं, तर तेव्हाची शपथ खोटी ठरते. खोट्या शपथेला कैद आहे. वावर परत मिळायचं नाही, बहीण मात्र आत जाईल.

"जाऊ द्या आत," मावशी म्हणाली. "रांडमुंडीले घर काय अन् कैद काय."

आईनं मुखत्याराला विचारलं, "तुमी तवा तिले दुसरं काई काहून नाही इचारलं? नारळ कोनी देल्ला, मनून?"

तो म्हणाला, "मला काय माहीत नारळाचं?"

ते खरं होतं. आईनं त्याला नारळाचं सांगितलंच नव्हतं. घरातली हसायची गोष्ट कचेरीत सांगायची असते हे तिला कुठून ठाऊक असणार? मावशी कचेरीच्या पायरीकडे निघाली होती, आईनं तिचा दंड धरला.

"चाल," म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

झालं एवढंच. आता मला त्या कारणांबद्दल लिहायचं आहे.

साहेबाचा हिशेब चुकीचा नव्हता, हीच अडचण आहे. बहीण बहिणीच्या विरुद्ध बोलते म्हणजे खरं बोलत असली पाहिजे, हे मीही म्हटलं असतं. कोणीही म्हटलं असतं. तिघांत खोटं बोललेली ती एकटीच, आणि विश्वास बसला तो तिच्यावरच. दोघा म्हाताऱ्यांनी अक्षर न् अक्षर खरं सांगितलं, ते रचलेलं ठरलं. साहेबाला इतकं ठाऊक होतं की लोक लोभानं खोटं बोलतात. कुंकवासाठी बोलतात हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्याच्या मुलखात तसं होत नसावं. पण नऊ वर्षांच्या संसाराला "राहणे" एवढंच म्हणायचं, हे मला त्याच्याकडून पटलेलं नाही. तिथं त्याला साक्षीदाराची गरज नव्हती. अख्खं गाव होतं.

पुढे माझं लग्न अमरावतीतच झालं. बऱ्याच वर्षांनी आमच्या गल्लीत तिवशाकडची एक बाई राहायला आली. तिचं घर-वावर शाबूत होतं, मुलाच्या शिक्षणासाठी ती आली होती. बोलता बोलता कळलं की तिच्यावरही दिरांनी असाच खटला भरला होता आणि ती जिंकली होती. ती आमच्याच गोतातली निघाली, तिच्या पाटाची रीतही आमचीच, भिंतीकडे तोंडं आणि सगळं. मी तिच्याकडून निकाल मागून आणला आणि आमच्या नकलेजवळ ठेवून वाचला.

तिचा निकाल आपल्याकडच्याच एका न्यायाधीशानं दिलेला. त्यानं साक्षीदाराला आधी तेच विचारलं, पाहिलं का? उत्तरही तेच मिळालं, तोंड भिंतीकडे होतं. पण त्यानं पुढे विचारलं, तू तोंड कधी फिरवलंस, आणि कशासाठी? आणि मग लिहिलं: साक्षीदारांनी तोंड फिरवले ते पाट लागत आहे असे समजूनच फिरवले. पाट लागत नसता तर तोंड फिरवण्याचे प्रयोजन नव्हते. सबब तोंड फिरवणे हाच पाटाचा पुरावा होय.

हे वाचून मी चूल विझेपर्यंत बसून राहिले. आमचे दोन म्हातारे कचेरीत हेच सांगून आले होते. तोच शब्द, तीच भिंत. एकानं हसून लिहिलं आणि दुसऱ्यानं एक प्रश्न जास्त विचारला.

दोन्ही कागद घेऊन मी एका वकिलाकडे गेले. चांगला म्हातारा वकील होता. चष्मा वर-खाली करत त्यानं दोन्ही वाचले.

"हा बरोबर आहे," तिवशाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाला. "तुमचा चूक आहे."

"मग?"

"मग काही नाही बाई. चूक आहे, पण कायम आहे."

मी विचारलं, चूक आहे असं तुम्ही कुठे लिहून द्याल का? तो म्हणाला, माझ्या लिहिण्याला काय किंमत? मी म्हटलं, किंमत नको, लिहून द्या. त्यानं दिलं नाही. त्याचंही बरोबर असेल.

आई तेव्हा माझ्याकडेच होती, अंथरुणाला खिळलेली. मावशी वर्षभरापूर्वीच वारली होती, आमच्याच घरी. संध्याकाळी मी आईला तिवशाच्या बाईचा निकाल वाचून दाखवला.

तिनं शेवटपर्यंत ऐकला. "म्हंजे तिले बायको मनतलं?"

"हो."

"बरं झालं तिचं." थोड्या वेळानं म्हणाली, "आता माह्या वाच."

"माय, तुले पाठ हाये तो."

"वाच."

मी आमचा कागद उघडला. वाचता वाचता शेवटच्या ओळीशी आले आणि माझ्या मनात आलं की हिला अक्षर येत नाही. एक "नाही" गाळलं तर हिला काय कळणार? शाबीत झाले, असं म्हणायचं आणि कागद मिटायचा. साहेब नाही, काकाजी नाही, मुखत्यारही मेला असेल. मीच वाचणारी आणि तीच ऐकणारी. तेवढ्यासाठी तिनं मला शाळेत घातलं नव्हतं, की तेवढ्यासाठीच घातलं होतं, मला सांगता यायचं नाही.

मी होतं तसं वाचलं. शाबीत झाले नाही.

आईनं डोळे मिटले. "हं," म्हणाली. "अजून तेच लिवलं हाये."